तीस फेब्रुवारीचं कुलूप

"बाबा, आज तीस फेब्रुवारी," सिग्रिड म्हणाली.

हॉकन लोहाराने हातोडा थांबवला नाही. भट्टीच्या दारात त्याची लेक उभी होती. तिच्या मागे टॉर्केल, अंगात शिपायाचा निळा कोट. आणि त्याच्या मागे अर्धं गाव. गावाला कामं नव्हती असं नाही, पण ही गंमत पुन्हा बघायला मिळणार नव्हती.

ऑक्टोबरात टॉर्केलने याच दारात सिग्रिडला मागणी घातली होती. लढाईत थोरल्यापाठोपाठ धाकटा मुलगाही गेला तेव्हा हॉकन चारचौघांत बोलून बसला होता, की शिपायाला पोरगी देणार नाही. आणि हॉकनने बोललेला शब्द गिळल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी त्याने क्षणभरही विचार केला नाही. "तीस फेब्रुवारीला ये," म्हणाला, "त्या दिवशी देतो."

गाव पोट धरून हसलं. बायकोने लाकडं फोडायला सांगितली की नवरे म्हणू लागले, तीस फेब्रुवारीला फोडतो. सिग्रिडने मात्र बापाशी बोलणं टाकलं.

मग नाताळ सरला आणि सतराशे बारा सालचं पंचांग गावात आलं. बारा वर्षांपूर्वी दरबाराने पंचांग सुधारायला घेतलं होतं आणि फेब्रुवारीतला एक दिवस गाळला होता. सुधारणा काही तडीला गेली नाही. तो घोळ निस्तरायला आता गाळलेला दिवस परत घातला होता. धर्मगुरूंनी चर्चमध्ये वाचून दाखवलं: यंदा फेब्रुवारीचे दिवस तीस, लीप वर्षाचे एकोणतीस आणि वर हा एक. सगळ्यांच्या माना हॉकनकडे वळल्या. तो ढिम्म बसून होता.

आता प्रश्न एवढाच होता, की लोहार कुठला शब्द पाळणार. उद्या एक मार्च, उद्या टॉर्केलची पलटण निघणार. आज सोयरीक झाली तर झाली. हा दिवस पुन्हा उगवायचा नव्हता.

"हॉकन, उगाच अडकू नकोस," चर्चचा कारभारी स्वांते म्हणाला. त्याला सल्ला दिल्याशिवाय भाकरी पचत नसे. "हा दरबाराचा घोळ. तू बोललास तेव्हा असा दिवस होता कुठे?"

हॉकनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हातोडा ठेवून तो टॉर्केलसमोर आला.

"उद्या चाललास. परत कधी येशील?"

 सिग्रिडचे दोन्ही भाऊ याच दारातून गेले होते, कापणीपर्यंत येतो म्हणून. कापण्या येत राहिल्या.

"ते मला सांगता यायचं नाही, काका," टॉर्केल म्हणाला. "जगलो तर इथेच येईन. त्यापुढचं खोटं कशाला बोलू?"

 हॉकनने काजळीने माखलेला हात पुढे केला.

"दिली पोरगी. तुम्ही सगळे साक्षीला आहात."

एकच गलका झाला. कुणी टोप्या उडवल्या, कुणी टॉर्केलला खांद्यावर घेतलं. स्वांते लगेच पलटला. "बघा, मी म्हणत होतो ना? शब्दाचा पक्का! पण अखेर पंचांगाने लोहाराला वाकवलंच."

"वाकवलं म्हण," हॉकन म्हणाला.

मंडळी बियर प्यायला निघाली, टॉर्केलला घेऊन. हॉकन मागच्या खोलीत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. ते त्याने लेकीच्या हातात दिलं आणि पुन्हा भट्टीकडे वळला.

नवरीच्या पेटीचं कुलूप होतं ते. चांगलं जड, कडेने वेल, वेलीवर दोन पाखरं, एकेक पीससुद्धा कोरलेलं. खाली तारीख: ३० फेब्रुवारी १७१२.  इतके महिने आपण या माणसाशी बोललो नाही, याची सिग्रिडला लाज वाटली.

"आई, काल रात्रीत घडवलं बाबांनी हे?" तिने हळूच विचारलं.

गुनिल्ला एप्रनला हात पुसत हसली. "वेडी का तू? असं कुलूप रात्रीत होतं का कुठे? तुमचं दोघांचं त्यांना ठाऊक होतंच. सप्टेंबरात शहरच्या बाजाराला गेले होते ना, तेव्हा पुढच्या सालचं नवं पंचांग घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसले. टॉर्केल मागणी घालायला आला तेव्हा हे केव्हाच तयार होतं."