मणक्यातली गॅप

दवाखान्यातल्या बाकावर तीन माणसांची जागा रिकामी होती, तरी सुतार भिंतीला पाठ लावून उभा होता. बसलं की कंबर वाकते आणि कंबर वाकली की संपलं, असं त्याने महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. बाकावर एकटी बायको बसली होती. तिच्या मांडीवर त्याच्या हत्यारांची पिशवी होती. इथून निघून ती मेहुण्याच्या स्वाधीन करायची आणि तीस वर्षांची सुतारकी कायमची बंद करायची, असा बेत होता. त्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं, एवढीच बायकोची अट. पिशवी चांगलीच जड होती, पण तिला ती खाली ठेववत नव्हती.

विचारायचं काय त्यात, असं सुताराचं म्हणणं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला होता आणि ते म्हणाले होते, "हं, मणक्यांत गॅप आहे." पुढेही ते बरंच काही बोलले, पण ते त्याच्या कानात शिरलंच नाही. गॅप म्हणजे काय हे त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. खुर्चीच्या सांध्यात गॅप पडली की ती आधी कुरकुरते, मग डुगडुगते आणि एक दिवस नेमका जाडजूड पाहुणा बसलेला असताना राम म्हणते. त्याच संध्याकाळी त्याला आपल्या कमरेतून कुरकुर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी डुगडुग सुरू झाली. तेव्हापासून त्याच्या बुटांच्या नाड्या बायको बांधायची, आणि शिंक आली की तो दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवायचा.

आत गेलेला पेशंट बाहेर येईना. डॉक्टरांच्या खोलीचं दार अडकलं होतं. आतून डॉक्टर ढकलत होते, बाहेरून कंपाउंडर ओढत होता. सुटलं तेव्हा कंपाउंडर दारासकट मागे आला. रोजचंच आहे म्हणाला.

सुताराला हे बघवेना. कुठल्या गाढवाने बसवलंय, असं पुटपुटत तो दाराशी गेला आणि कडेवरून बोट फिरवू लागला. जमिनीपासून वीतभर वर लाकूड चौकटीला घासून काळं पडलं होतं. त्याने न बघता मागे हात केला. बायकोने पिशवीतून रंधा काढून त्या हातात दिला.

तो गुडघ्यांवर बसला, कमरेत वाकला, मान तिरकी केली आणि रंधा चालू लागला. फरशीवर सालपटांच्या गुंडाळ्या पडत राहिल्या. डॉक्टर खुर्ची सोडून बघायला आले आणि काय चुकलं होतं म्हणून विचारू लागले.

"गॅपच ठेवलेली नाही हो," सुतार मान वर न करता म्हणाला. "चांगली दोन मिलिमीटर पाहिजे. गॅप नसली तर दार हलणार कसं?"

"अहो मिस्त्री, त्या दिवशी मी तुम्हाला हेच सांगत होतो. मणक्यांत गॅप आहे, छान आहे. नुसता स्नायू आखडलाय, कामाला लागा."

रंधा थांबला. आपण कसे बसलोय हे सुताराच्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा हात लगेच कमरेकडे गेला, चेहरा वेडावाकडा झाला आणि तो कण्हायच्या बेतात आला.

"राहू द्या आता," बायको म्हणाली. "पाव तास झाला तुम्हाला वाकून."

हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं. तिने पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि ती मोकळ्या हातांनी जिना उतरू लागली. मेहुण्याकडे जायचं नाव कोणीच काढलं नाही.

सुतार जरा मागे रेंगाळला. दार लावून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं. फटीतून बोटाचं नख फिरवलं. मग इकडेतिकडे बघून तेच बोट हळूच कमरेवर टेकवलं आणि तो कान देऊन उभा राहिला.

दुखत होतं थोडं. कुरकुरत मात्र नव्हतं.