काचेवरची खडूची रेघ

आष्ट्याच्या मोहिद्दीन टेलरनं नात आयेशाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला काठावर लटकणारा फिल्टर घेतला होता. दुपारी पाणी उतरलं की तो कोरडा पडून खरखरायचा आणि तिचा एकुलता नारिंगी मासा धापा टाकायचा.

मोहिद्दीननं कापड आखायच्या खडूनं काचेवर भरल्या पाण्याची रेघ ओढली. “बघ बाळा, पाण्याची वाफ होतीय. जेवढं कमी, तेवढं वतायचं.”

संध्याकाळी पाणी आपोआप रेघेला टेकलं.

“तू वतलंस व्हय गं?”

“न्हाई, नाना. रोज जातंय, रोज येतंय.”

“समुद्र आष्ट्यात कवा आला?” तो हसला. तरी त्यानं तळाशी बसणारा स्पंजचा फिल्टर आणला. पाणी कितीही उतरलं तरी तो बुडालेलाच राहायचा. मासा सावरला.

“आता जाऊ दे कितीबी.”

“आन् आलं तर?” आयेशानं भिंतीकडं बोट केलं. “तुमच्यासारकं मीबी आखलंय.”

खोलीभर ओलीच्या दोन सरळ रेघा फिरल्या होत्या आणि प्रत्येकीवर तिनं खडूची खूण केली होती. परवाची तिच्या गुडघ्याशी, कालची खांद्याशी. मोहिद्दीननं बोट लावून चाखलं. खारट.

मागं टाकीतलं पाणी सावकाश वर येऊ लागलं.