खाल्ल्या मिठाला

“देश जेवतो कुठून? किराण्यातूनच ना?” विनायकरावांनी फॉर्म बाजूला सारला. “मग तुझ्या त्या भारतभराच्या इंडेक्स फंडापेक्षा अन्नकोठीचे शेअर काय वाईट?”

“बाबा, फंडात पन्नास कंपन्या असतात. एक बुडाली तरी बाकीच्या तारतात. एकट्या शेअरला तो आधार नाही.”

“म्हणजे तुला पगार देणारी कंपनी बुडणार आहे होय? खाल्ल्या मिठाला जागावं रे माणसानं!”

निनादने फॉर्म पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. अन्नकोठीच्या दुकानांचे हिशेब तपासणे हे त्याचे काम होते. पंधरवड्यापूर्वी तळोज्याच्या गोदामात त्याने स्वतः डाळ-तेलाची मोजदाद केली होती. कागदावर भरलेल्या चार गाळ्यांपैकी तीन रिकामे निघाले. आज शेअर बाजार बंद झाल्यावर कंपनी ते जाहीर करणार होती. तोवर घरातही अवाक्षर काढायचे नाही, असे त्याने लिहून दिले होते.

आणि नेमका आजच मितेश फॉर्म न्यायला येणार होता. खालच्या मजल्यावर राहणारा मितेश सोसायटीतल्या निम्म्या लोकांची गुंतवणूक पाही. विनायकरावांचे निवृत्तीचे अठरा लाख एकरकमी गुंतवायचे होते. त्यातूनच निनादच्या आईच्या, शोभाताईंच्या, दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन व्हायचे होते आणि पुढची सगळी वर्षे काढायची होती.

“अन्नकोठीचं करंजाड्याचं दुकान बघ एकदा,” विनायकराव म्हणाले. “बिलाला उभं राहून पाय दुखतात.”

“गर्दी म्हणजे नफा नव्हे, बाबा.”

“कालपर्यंत हाच आम्हाला कंपनीचं कौतुक सांगत होता! शोभा, ऐकतेस ना?”

“ऐकते हो. दोघेही आधी पोहे खा.” शोभाताईंनी बशा ठेवल्या. त्यांच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

“हिचं मात्र बरं आहे. यंदा अक्षय तृतीयेला गुंजभर सोनंसुद्धा मागितलं नाही.”

“नको वाटलं या वेळी,” त्या म्हणाल्या.

निनाद उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

“बाबा, आजवर तुमच्याकडं हट्ट केला नाही. एवढं एक ऐका. का, ते विचारू नका.”

विनायकरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी इंडेक्स फंडाच्या फॉर्मवर सही केली. मितेश आला आणि फॉर्म घेऊन गेला. दार लागले, तशी निनादने बशी ओढली. पोहे गार झाले होते. तरी त्याला फार दिवसांनी चव लागली.

“तुमचं एकमत झालं. आता माझं दाखवते,” म्हणत शोभाताई देवघरातून एक घडी केलेला कागद घेऊन आल्या. त्याच्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाची बोटे होती.

निनादने घडी उलगडली. अन्नकोठी. तीनशे वीस शेअर. तारीख अक्षय तृतीयेची.

“पाटल्या मोडल्या,” त्या हसून म्हणाल्या. “त्या दिवशी घेतलेलं कधी सरत नाही म्हणतात.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. बाजार नुकताच उघडला होता; बंद व्हायला अजून सहा तास होते.

“असा काय बघतोस? बापानं नाही ठेवला, निदान आईनं तरी लेकाच्या मिठावर विश्वास ठेवायला नको?”