सुरजचे हात

"हात सोड तिचा!"

श्यामकांत सरांनी फाटकातूनच फर्मावलं. शाळेच्या व्हॅनच्या पायरीवरून श्रुतिकाला उतरवणाऱ्या सुरजने ताबडतोब हात सोडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला. सात वर्षांची श्रुतिका दप्तर सांभाळत एकटीच खाली उतरली. सरांनी नातीला आपल्या पाठीशी घेतलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून ते दुपारपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते.

चार दिवसांपूर्वी तिच्या हातून सरांच्या पेपरवर दूध सांडलं. सर ओरडले. ओरडले कसले, मास्तरकीचा जुना आवाज लागला, एवढंच. तर पोरीने डोळे मिटून तळहात पुढे केला. त्यावर लालसर आडवा वळ. कोणी मारलं म्हणून विचारलं, तर तिने ओठ घट्ट मिटले. या पोरीवर त्यांचा जीव होता आणि तिला कोणीतरी मारत होतं.

कोण? शाळेत हल्ली मुलांना बोट लावायची सोय नाही. सरांना त्याची थोडी हळहळच वाटायची, पण ते असो. घरच्यांचा प्रश्नच नव्हता. सून नयना मुंगीलाही मारायची नाही. मुलगा शैलेश रेल्वेत, कधी आवाज न चढवणारा. रोज संध्याकाळी दार लावून तो लेकीचं गणित घ्यायचा. मग उरला एकच. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पोर ज्याच्या हवाली असते, तो.

आणि सुरज काही अनोळखी नव्हता. तलासरीकडच्या ज्या आश्रमशाळेत सरांची बावीस वर्षं गेली, तिथेच तो झरीहून पाचवीत आला होता. बाप भिका महासंतापी. त्याने बायकोचा हात मोडला होता. पोराच्या पाठीवरचे पट्ट्याचे वळ सरांनी स्वतः पाहिले होते. गेल्या रविवारच्या पुरवणीत नेमका तसाच लेख आला. लहानपणी ज्यांनी मार खाल्ला, घरात मारहाण पाहिली, त्यांनी मोठेपणी हात उगारण्याची शक्यता अधिक. सर्वच तसे होत नाहीत, असंही पुढे लिहिलं होतं, पण सरांनी तेवढं मनावर घेतलं नाही. लेख कापून त्यांनी खिशात ठेवला.

तेव्हापासून सुरजचं सगळंच त्यांना खटकू लागलं. हळू बोलतो म्हणजे साळसूद. पोरांना चिकू वाटतो म्हणजे लालूच दाखवतो. मंगळवारी व्हॅन दहा मिनिटं उशिरा आली. कुठे होता हा दहा मिनिटं? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते पाठीमागे बांधलेले हात. पोरं जवळ आली की हटकून मागे जायचे.

"हात का लपवतोस रे सारखे?" सरांनी दरडावलं.

सुरजने खाली पाहिलं. "लपवत नाय, सर. पोरं दंगा करायला लागली की माझा हात शिवशिवतो. आमच्या बाचाच हात ना तो. म्हणून मागे धरून ठेवतो. पाच वर्षं व्हॅन चालवतोय, एकदा पण सुटला नाय."

"कसा सुटला नाही? श्रुतू, दाखव ग याला हात!"

"मी बघितलाय, सर." सुरजचा आवाज आणखी खाली गेला. "सोमवारी तिची पाण्याची बाटली सांडली. मी नुसतं 'अरे' म्हटलं, तर डोळे मिटून हात पुढे. मीच तुम्हाला विचारणार होतो. पण हिंमत नाय झाली."

"मला विचारायला हिंमत कशाला लागते?"

"तिने डावा हात केला, सर. तुमच्या वर्गात आम्ही करायचो ना, तसा."

वर्गात मुलं डावा हात पुढे करायची, हे खरं होतं. पण त्याला काय मारणं म्हणतात? ती शिस्त. घरीही तीच होती. त्याशिवाय का शैलेशचं गणित सुधारलं असतं?

शैलेशचं नाव मनात आलं आणि सरांचा हात खिशातल्या कागदावर गेला. तो त्यांनी बाहेर काढला नाही. सुरजकडे पाहायचं त्यांना धाडस होईना. ते वळले, श्रुतिकासमोर वाकले आणि तिचा उजवा हात त्यांनी हातात घेतला.

"श्रुतू, खरं सांग बेटा..."

आवाज जरा मोठाच लागला असावा. तिने घाईघाईने उजवा हात सोडवून घेतला, डोळे मिटले आणि डावा पुढे केला.

"तो नाही, आजोबा," ती समजावून सांगावं तसं म्हणाली. "तो लिहायचा हात. पप्पा सांगतात, हा तुमचाच नियम आहे."