दादरचे देसाई

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलं की आख्यान अर्धंच कानात शिरतं. आज पूर्वरंग गाळतो, थेट गोष्टीला हात घालतो. आपल्या वसईतलीच आहे. देव कुठे दिसला तर शेवटी मला सांगा.

"ओ शेठ, दार हळू लावा. गाडी तुमच्या बापाची नाय!"

दिवस असा उजाडला. मारुती व्हॅनच्या मागच्या सीटवर बसलेले शांताराम जागच्या जागी ताठ झाले. आज ते शांताराम नव्हतेच म्हणा. आज ते दादरचे देसाई होते, वसई बघायला आलेले. खरं तर माणूस मूळचा इथल्याच वटार गावचा. नोकरी मुंबईला, फ्लॅट नालासोपाऱ्याला, आणि घरात लग्नाची मुलगी, उन्नती.

स्टिअरिंगवर बसलेला हा शेजारच्या गास गावचा सूरज तिला सांगून आलेला. स्वतःची गाडी, केळीची वाडी, सुपारीचं खांडही तोंडात नाही, असं मध्यस्थ सांगत होता. फोटोंची देवाणघेवाण झाली होती. शांतारामांच्या मनात अक्षता पडूनही झाल्या होत्या. पण उन्नतीला नाशिकला नर्सिंगला जायचं होतं. रोज जेवणाच्या ताटावर भांडण.

शेवटी तीच म्हणाली, "बाबा, त्याने तुम्हाला कुठे पाहिलंय? एक दिवस त्याची गाडी भाड्याने घ्या. सांगाल तिथे फिरवतो म्हणे. पारखा माणूस. पटला तर मी मुकाट्याने पाटावर बसेन. नाही पटला तर मला नाशिकला जाऊ द्या."

स्थळाची एवढी खात्री, की शांतारामांनी देव्हाऱ्यातल्या पांडुरंगाच्या पायावर हात ठेवून शब्द दिला.

"आधी किल्ला," देसाई म्हणाले.

"किल्ल्यात काय, दगडंच हायेत. बघा."

पोराचा स्वभाव तपासायचा म्हणून देसाई किल्ल्याच्या दारात उतरलेच नाहीत. "नको. अर्नाळ्याला घे." अर्नाळ्याचा समुद्र दिसताच म्हणाले, "छे, पुन्हा किल्ल्यावर चल."

सूरजने इंजिन बंद केलं आणि मागे वळला. "डोकं ठिकानावर हाय ना, शेठ? का दादरलाच ठेवून आलात?"

"सांगाल तिथे नेतो, असं गाडीवर लिहिलंयस तू."

"ते मानसांसाठी लिवलंय."

शांतारामांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. सूरजने मात्र समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली, क्षणभर वर पाहिलं आणि पुन्हा ढकलून दिली. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. सावलीतसुद्धा. झडपेला आरसा असणार, शांतारामांनी ताडलं. भांग बघतोय लेकाचा.

टपरीवरून त्याने चहाचा ग्लास आणून आदळला. "प्या."

चहात साखरेचा कण नव्हता. शांतारामांना मधुमेह, त्यामुळे त्यांना तो बरोबर लागला. पण दादरच्या देसाईंना साखर विचारायला नको? चिक्कूही आहे तर!

परतताना गाडी वटारच्या रस्त्याला लागली, तसा त्यांना घाम फुटला. "इथून नको. दुसरीकडून घे."

"का? गाव विटाळलेलं हाय?" म्हणत सूरजने नेमकी शांतारामांच्या जुन्या घराच्या वळणावर गाडी उभी केली आणि उगाचच हॉर्न मारत बसला. शांतारामांनी पेपर तोंडापुढे धरला. तेवढ्यात शेजारची धोंडूबाई डोक्यावरची पाटी सावरत काचेशी वाकली.

"ह्यो आपला शांताराम तर नाय?"

"नाय ओ आजी, दादरचे देसाई हायेत. मुंबईची मानसं, तोंड झाकूनच गाव बघतात."

"मंग कान कसे त्याचेच?" पुटपुटत म्हातारी गेली.

गाडी गावाबाहेर पडल्यावर शांतारामांनी पेपर चुरगाळून फेकला. "निर्लज्जा! तुझ्यासारख्याला कोण मुलगी देईल रे?"

"नको देऊ दे," सूरज म्हणाला आणि झडप खाली ओढली. या वेळी जरा जास्तच वेळ.

शांताराम धुमसत होते आणि आतून खचतही होते. मध्यस्थाला नकार कळवायचा, ते सोपं होतं. पण पांडुरंगाला दिलेला शब्द? या जूनमध्ये पोर नाशिकला जाणार. घर ओकंबोकं होणार. आणि सगळं कशामुळे, तर या उर्मट माणसामुळे!

"स्टेशनला सोड," ते तोडून म्हणाले.

स्टेशनचा रस्ता मागे पडला. "अरे, स्टेशन म्हटलं ना? बहिरा आहेस का?" सूरज डावीकडे वळला, गिरणीच्या बोळातून निघाला, पाण्याच्या टाकीला वळसा घालून थांबला.

शांतारामांनी मान वर केली. समोर त्यांचीच इमारत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उन्नती वाळत घातलेले कपडे काढत होती. ती खाली बघत नव्हती. पण मघाचाच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होती.

सूरजने उतरून, दिवसभरात पहिल्यांदाच, त्यांच्यासाठी दार उघडलं. त्यांच्या कोपराखाली हात धरला. मग आत वाकून उन्हाची झडप खाली ओढली, तिच्यामागे खोचलेला उन्नतीचा फोटो काढला आणि एकदा पाहून त्यांच्या हातात ठेवला.

"सांभाळून उतरा, काका. तिला नाशिकला जायचंय ना? मग नकार तुमच्याकडूनच जाऊ द्या. आमच्याकडून आला तर लोक मुलीत खोट काढतात."

तर मंडळी, आता आरतीला उभे राहाल, तेव्हा गासच्या त्या उद्धट ड्रायव्हरची आठवण असू द्या.