बसायचं असेल तर

"बसायचं असेल तर खुर्ची आहे," आई म्हणाली. मिस्त्री फरशीवरच बसला आणि कूलरची मागची जाळी काढू लागला.

तो याच घरात वाढला होता, मुलगी म्हणून. मी मुलगा आहे, असं त्याने सांगितलं तेव्हापासून आईने एक विद्याच कमावली होती. वाक्यं अशी बेतायची, की त्यांत ना 'आला' सापडावा, ना 'आली'. "पाणी प्यायचं का?" "इतक्या उन्हात यायचं झालं?" कूलरने मान टाकली, वरच्या मजल्यावरची खोली तव्यासारखी तापली, म्हणून नाइलाजाने तिने त्याच्याच दुकानात फोन लावला होता. तिच्या तोंडून एकदा तरी नीट 'आला' ऐकावं, एवढ्यासाठी तो हातातली कामं टाकून आला होता.

पान्यांची पिशवी घेऊन त्याचा जोडीदार दारात उभा होता, त्याच्याबरोबर संसार करणारा. हवामान खात्यातला. आई त्याच्याशी आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

"पुढच्या वर्षी तरी ऊन कमी होईल का हो?" तिने आज विचारलं.

त्याला थाप मारता येत नसे. तापमानाचे आकडे पाहून झोपही धड येत नसे. "नाही, काकू. वाढतच जाणार."

"मग एकट्या माणसाने करायचं काय?"

त्याने पिशवीतला नवा कपॅसिटर काढून पुढे केला. मिस्त्रीने कपॅसिटर बदलला, बटण दाबलं. पंखा कुरकुरला आणि फिरू लागला.

आवाज ऐकून शेजारीण डोकावली. ती याच वर्षी राहायला आलेली. "झाला का सुरू? आमचाही कालपासून रुसलाय. या मिस्त्रींचा नंबर द्या ना."

मिस्त्रीचा हात जाळीवर थांबला. 'देते' म्हटलं की आई सुटणार होती.

"नंबर कशाला?" आई म्हणाली. "घरचाच आहे तो. आलाच आहे तर तुमचाही बघेल."

मिस्त्री खाली पडलेला स्क्रू शोधू लागला. स्क्रू त्याच्या मुठीतच होता.

"आणि हे कोण?" शेजारणीने दाराकडे पाहिलं.

आई अडखळली. या प्रश्नासाठी तिच्याकडे वाक्य तयार नव्हतं, आडवळणाचंसुद्धा. मग तिने दोन्ही हातांनी कूलर ढकलला आणि त्याचं तोंड दाराकडे फिरवलं.

"थांबा हो जरा," ती शेजारणीला म्हणाली. "आधी या दोघांना वारा लागू दे."