पैलतीरावरचा वारा

कोर्बिनियन रोज संध्याकाळी मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पाण्याखालच्या पंखावर तरंगणारी फॉइलची फळी दामटत आमर सरोवरावर निघे, आणि वारा पडे तो नेमका पैलतीरावरच्या बियर गार्डनसमोर. "अगं, वारा मेला! शेवटच्या बोटीनं येतो," हा त्याचा बायकोला, रोसविटाला, फोन ठरलेला.

वाढदिवसाला रोसविटानं त्याला एकेरी कापडाचा, पिसासारखा हलका पतंग दिला. "हा म्हणे नुसत्या फुंकरीवर उडतो. आता वेळेवर घरी जेवायला यायचं!" कोर्बिनियननं एरंडेल प्यायल्यासारख्या चेहऱ्यानं आभार मानले.

दुसऱ्या दिवशी झाडाचं पानही जेमतेम हलत होतं. तरी संध्याकाळी पैलतीरावरून फोन आलाच.



"अगं, वारा कसला पिसाटलाय इकडे! तू एवढ्या प्रेमानं दिलेला नाजूक पतंग, फाटला म्हणजे?"